कार्यभार-संतुलन, वितरित संगणक प्रणालींतील

संदेशवहनाच्या जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांवर येणारी कामे अशा रीतीने वाटणे की, एका संगणकापाशी कामांची रांग लागली असता दुसरा रिकामा राहू नये, यास कार्यभार-संतुलन म्हणतात. हे वाटप पुष्कळदा एका मध्यवर्ती नियंत्रकाकडे नसते. निरनिराळ्या संगणकांवर स्वतंत्रपणे चालणाऱ्या आणि आपापल्या ठिकाणी निर्णय घेणाऱ्या कार्यक्रमांकडे ते सोपविलेले असते. अशा कार्यक्रमास सॉफ्टवेअर अभिकर्ता किंवा नुसते अभिकर्ता अशी संज्ञा आहे.

रेल्वे स्थानकावरील तिकीट-खिडक्यांपाशी आलेला प्रवासी सर्वांत आखूड रांग डोळ्यांनी पाहून निवडतो. अभिकर्त्याला अशी दृष्टी नसते. दुसऱ्या संगणकापाशी किती कामे खोळंबली आहेत हे त्याला संदेश पाठवून विचारावे लागते. उत्तर येईपर्यंत काही काळ लोटतो आणि तेवढ्यात तेथील स्थिती बदललेली असते. शिवाय विचारण्याच्या व उत्तर देण्याच्या कामाचाही भार जाळ्यावर आणि संगणकांवर पडतोच. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा बव्हंशी शिळ्या व अपुऱ्या माहितीच्या आधारे चांगले वाटप कसे करावे, याच्या शोधाचा इतिहास झाला आहे.

पूर्वेतिहास : रांगांच्या गणिताचा पाया संगणकांच्या आधीच घातला गेला होता. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप अर्लांग (१८७८–१९२९) यांनी दूरध्वनीच्या मागण्या यादृच्छिक असतात हे गृहीत धरून १९०९ मध्ये त्यांचे संभाव्यताशास्त्रीय विवेचन केले. दिलेल्या मागणीसाठी किती वाहिन्या पुरेशा होतील हे काढण्याची त्यांची सूत्रे १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक वाहिन्यांचा एकत्रित साठा हा त्याच वाहिन्या वेगवेगळ्या गटांत विभागून ठेवण्यापेक्षा अधिक मागणी पेलतो, हे या गणितातून स्पष्ट झाले. पुढे संगणकांच्या बाबतीतही हेच तत्त्व मुळाशी राहिले.

एकाच यंत्रातील अनेक प्रक्रियकांवर कामे वाटण्याच्या प्रश्नावर बेल प्रयोगशाळेतील रॉनल्ड ग्रॅहॅम यांचा १९६६ मधील निबंध मूलभूत मानला जातो. जो प्रक्रियक मोकळा होईल त्याला यादीतील पुढचे काम द्यावे, या साध्या पद्धतीने लागणारा वेळ सर्वोत्तम वाटपाच्या वेळेच्या दुपटीहून नेहमी कमीच राहतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्याच निबंधात एक चमत्कारिक गोष्टही दाखविली आहे. काही कामे दुसऱ्या कामांनंतरच करता येत असतील, तर प्रक्रियकांची संख्या वाढविल्याने किंवा प्रत्येक काम थोडे छोटे केल्यानेही एकूण वेळ कधीकधी वाढतो. मनुष्यबळ वाढविले की काम लवकर उरकते, या व्यवहारी समजुतीला येथे गणिती मर्यादा पडली. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी जे २१ प्रश्न संगणनदृष्ट्या सारखेच दुर्घट असल्याचे दाखविले, त्यांत दिलेल्या संख्यांचे दोन समान बेरजांच्या गटांत विभाजन करण्याचा प्रश्नही होता. दोन सारख्या यंत्रांवर कामांची समसमान वाटणी करणे म्हणजे हाच प्रश्न होय. हॅरल्ड स्टोन यांनी १९७७ मध्ये दोन प्रक्रियकांवरील अशा वाटपाचा एक प्रकार सोडविला. त्यात कामांमधील परस्पर-संदेशांचा खर्च विचारात घेतलेला असून जालातील प्रवाहाच्या सिद्धांताचा उपयोग केलेला आहे. तथापि या सर्व संशोधनात कोणते काम किती वेळ घेईल आणि कोठे काय चालले आहे, हे वाटप करणाऱ्याला आधी माहीत असते असे धरलेले होते.

बोली आणि कंत्राट : संपूर्ण माहिती असणारा वाटपकर्ता वगळण्याची कल्पना प्रथम बाजारावरून सुचली. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील पीडीपी-१ या संगणकाचा वेळ लिलावाने वाटण्याची पद्धती वर्णिली. तीत प्रत्येक वापरणाऱ्यास ‘येन’ नावाच्या काल्पनिक चलनाची ठरावीक रक्कम मिळे आणि हव्या त्या तासांसाठी तो बोली लावी. येथे बोली लावणारी माणसेच होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत डेव्हिड फार्बर व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी लहान संगणक वलयाकृती जाळ्याने जोडून जी वितरित प्रणाली उभारली, तीत मात्र साधनसामग्रीसाठीच्या बोलींची देवाणघेवाण कार्यक्रमांमध्येच होत असे. या प्रणालीत कार्यक्रमाला संदेश पाठविताना तो कोणत्या यंत्रावर आहे हे सांगावे लागत नसे, नाव पुरत असे. काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या दृष्टीने ही सोय फार महत्त्वाची होती.

या कल्पनेला सर्वमान्य स्वरूप रीड स्मिथ यांनी दिले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील त्यांच्या प्रबंधातून पुढे आलेला कंत्राट-जाल संकेत १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या अभिकर्त्यापाशी काम असते तो व्यवस्थापक होतो. कामाचे स्वरूप, ते करण्यास लागणारी पात्रता, बोलीत कोणती माहिती द्यावी आणि बोलीची मुदत, हे सर्व नमूद करून तो घोषणा करतो. पात्र अभिकर्ते आपापली स्थिती पाहून बोली पाठवितात. व्यवस्थापक त्यांतून निवड करून कंत्राट देतो. कंत्राटदार त्या कामाचे तुकडे पाडून त्यांची पोटकंत्राटे देऊ शकतो. म्हणजे एकाच वेळी तो एका कामाचा कंत्राटदार व दुसऱ्याचा व्यवस्थापक असतो. कोणाचीही भूमिका कायमची ठरलेली नसते. स्मिथ व रँडल डेव्हिस यांनी दिलेले उदाहरण विस्तीर्ण प्रदेशात विखुरलेल्या संवेदक यंत्रांनी वाहनांचा माग काढण्याचे होते.

या संकेताचे खरे वैशिष्ट्य असे की, निवड दोन्ही बाजूंनी होते. व्यवस्थापक बोली पारखतो, तसेच बोली लावणाराही आलेल्या घोषणांपैकी आपल्याला सोयीचे काम पारखून घेतो. रिकाम्या अभिकर्त्याची स्थिती इतरांनी जाणून घ्यावी लागत नाही. ती ज्याला आयतीच ठाऊक असते तोच बोलतो. दोषही याच रचनेत आहेत. घोषणा बहुधा सर्वांना पाठविली जात असल्याने कामे बारीक व पुष्कळ असतील, तर घोषणा आणि बोली यांचाच गलबला होतो. एका कामाला बोली लावून बसलेल्या अभिकर्त्यापुढे दुसऱ्याच क्षणी अधिक योग्य काम आले, तर काय करावे याचे समाधानकारक उत्तर मूळ संकेतात नाही. तरीही तो टिकला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या अभिकर्ताविषयक आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २००२ मध्ये त्याचे सुधारलेले रूप मानक म्हणून स्वीकारले.

रिकाम्या यंत्रांचा शोध : १९७० नंतरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात सुमारे १०० आल्टो संगणक ईथरनेट जाळ्याने जोडलेले होते. दिवसा ते माणसांच्या हाताखाली असत व रात्री बहुतेक रिकामे पडत. जॉन शॉक व जॉन हप यांनी या रिकाम्या यंत्रांवर पसरत जाणारे कार्यक्रम रचले. जॉन ब्रनर यांच्या १९७५ मधील एका विज्ञान-कादंबरीवरून त्यांनी त्यांस ‘कृमी’ हे नाव दिले. कृमीचा प्रत्येक खंड एका यंत्रावर चाले. एखादे यंत्र परत मागितले गेले किंवा बंद पडले, तर उरलेले खंड दुसरे रिकामे यंत्र हुडकून तेथे नवा खंड उभा करीत. एका रात्री असा एक छोटा कृमी चालू ठेवून संशोधक घरी गेले. सकाळी इमारतीतील डझनावारी यंत्रे बंद पडलेली आढळली. कार्यक्रमाची एक प्रत बिघडली होती, आणि कोणतेही यंत्र पुन्हा सुरू करून ते रिकामे ठेवताच कृमी त्याचा ताबा घेऊन त्यालाही बंद पाडीत होता. काही यंत्रे कुलूपबंद खोल्यांत असल्याने त्यांच्यापर्यंत पोहोचणेही शक्य नव्हते. सुदैवाने, सर्व खंडांना थांबविणारा संदेश जाळ्यात सोडण्याची तरतूद आधी करून ठेवलेली होती व तिने काम भागले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ही हकीकत मोकळेपणाने सांगितलेली आहे. कार्यक्रम पसरविण्यापेक्षा त्याला आवरणे अवघड, हे त्यावरून दिसते.

रिकामी यंत्रे शोधणे किती फायद्याचे आहे, याचा हिशेब मिरॉन लिव्हनी व मायरन मेलमन यांनी १९८२ मध्ये मांडला. परस्परांशी वाटणी न करणारे १० सारखे संगणक घ्यावेत आणि प्रत्येक जण सरासरी ६० टक्के वेळ कामात आहे असे धरावे. कामांचे येणे व त्यांचा कालावधी यांविषयी रांगेच्या सिद्धांतातील सर्वांत साधी गृहीतके वापरली, तर कोणत्याही क्षणी त्यांतील निदान एक संगणक रिकामा आणि त्याच वेळी दुसऱ्या एखाद्यापाशी काम खोळंबलेले असण्याची संभाव्यता ९८ टक्के येते. सरासरी पाहता कोणावरही अवास्तव भार नाही, आणि तरीही कोणीतरी विनाकारण थांबलेला आहे, अशी ही स्थिती होय. लिव्हनी यांनी पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात काँडॉर ही प्रणाली विकसित केली. तिचे वर्णन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. मालक जागेवर नसलेल्या संगणकावर दुसऱ्याचे काम चालवावे, मालक परतताच ते होते त्या स्थितीत गोठवून उचलावे व अन्यत्र पुढे चालू करावे, अशी तिची रीत आहे. यंत्र ज्याचे आहे त्याचा हक्क पहिला, हा नियम पाळल्यामुळेच लोकांनी आपली यंत्रे या प्रणालीला देऊ केली. १९९८ पासून तीत कामे व यंत्रे या दोहोंच्या वतीने छोट्या जाहिराती दिल्या जाऊ लागल्या आणि एक मध्यस्थ कार्यक्रम वधूवरसूचक मंडळाप्रमाणे दोन्हींच्या अटी जुळवून देऊ लागला. मात्र अंतिम होकार तो त्या दोघांवरच सोपवी.

किती माहिती पुरे : १९८६ मध्ये डेरेक ईगर, एडवर्ड लझाउस्का आणि जॉन झहोर्जन यांनी या क्षेत्रातील विचाराला वळण देणारे दोन निबंध लिहिले. पहिल्यात त्यांनी तीन पद्धतींची तुलना केली. पहिल्या पद्धतीत रांग ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की, नवीन काम काहीही न विचारता कोणत्यातरी एका यंत्राकडे पाठविले जाते. दुसरीत यदृच्छेने निवडलेल्या मोजक्याच यंत्रांना एकेक करून विचारले जाते आणि ज्याची रांग मर्यादेच्या आत आहे असे पहिले यंत्र मिळताच काम तिकडे धाडले जाते. तिसरीत विचारलेल्या यंत्रांपैकी सर्वांत आखूड रांगेचे यंत्र निवडले जाते. केवळ आंधळेपणाने काम पुढे ढकलण्याच्या पहिल्या पद्धतीनेही वाटणी मुळीच न करण्याच्या मानाने पुष्कळ सुधारणा झाली. दुसरीने त्याहून बरीच अधिक झाली. तिसरीने मात्र दुसरीपेक्षा फारसे काही साधले नाही. अधिक माहिती गोळा करण्याचे श्रम जवळजवळ वाया गेले. दुसऱ्या निबंधात पुढाकार कोणी घ्यावा हा प्रश्न होता. भार हलका किंवा मध्यम असताना काम अंगावर पडलेल्याने रिकामा शोधावा हे बरे, आणि भार जड असताना रिकाम्यानेच काम मागत फिरावे हे बरे, असे आढळले. जड भाराच्या वेळी सगळेच साहाय्य मागत फिरू लागले, तर मागण्याचाच नवा भार होतो, हे त्याचे कारण होय.

याच तिघांनी १९८८ मध्ये, चालू झालेले काम मध्येच उचलून दुसरीकडे नेण्यापासून मिळणारा लाभ मर्यादित असतो, असा निष्कर्ष काढला होता. तो बरीच वर्षे प्रमाण मानला गेला. मोर हार्कोल-बाल्टर व ॲलन डाउनी यांनी १९९६ मध्ये प्रत्यक्ष संगणकांवरील कामांच्या आयुष्यांची मोजमापे घेऊन त्यास आव्हान दिले. बहुतेक कामे क्षणार्धात संपतात आणि थोडी फार काळ चालतात. एखादे काम जितका वेळ चालले असेल, साधारण तितकाच वेळ ते आणखी चालण्याचा संभव असतो, असे या मोजमापांतून दिसले. म्हणून म्हातारी झालेली कामे हलविण्यासारखी असतात. नुकतीच आलेली नसतात. जुन्या निष्कर्षात गणिताची चूक नव्हती. कामांच्या लांबीविषयीचे गृहीतक वास्तवाला सोडून होते. या क्षेत्रातील सोयीच्या गृहीतकांवर रचलेले इतर काही निष्कर्षही याच कारणाने तपासून घेण्यासारखे आहेत.

कळपाची वृत्ती : अभिकर्ते स्वतंत्र असले आणि तरीही एकाच बातमीवरून एकाच रीतीने निर्णय घेऊ लागले, तर एक वेगळाच अनर्थ ओढवतो. क्रमांक सातचा संगणक रिकामा आहे अशी वार्ता पसरली की सगळे आपापली कामे तिकडेच पाठवितात. पुढची वार्ता येईपर्यंत तेथे डोंगर साचतो, आणि मग सगळे एकदम तेथून फिरतात. झेरॉक्सच्याच संशोधन केंद्रातील बर्नार्डो ह्यूबरमन व टॅड हॉग यांनी १९८८ मध्ये या प्रश्नाचे गणिती प्रतिमान मांडले. माहिती मिळण्यास उशीर लागत असल्यास भार स्थिर न होता हेलकावे खात राहतो आणि उशीर वाढला की त्याला कसलीच नियमितता उरत नाही, असे त्यात दिसून आले. निरनिराळ्या स्वभावांचे अभिकर्ते एकत्र असतील, म्हणजे कोणी ताज्या बातमीवर व कोणी जुन्या अनुभवावर चालणारे असतील, तर हे हेलकावे शमतात, हा त्यांचा पुढचा निष्कर्ष होता. याच केंद्रातील स्पॉन या प्रणालीत (१९९२) संगणकांचा वेळ बंद बोलीच्या लिलावाने विकला जाई. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्यास वेळ मिळे, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी द्यावी लागे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये विवेचिलेला हा प्रकार निवडण्याचे कारण, त्यात खरी किंमत लपविण्यात कोणाचाच फायदा नसतो.

आंद्रेआ शेर्फ, योआव शोहॅम आणि मोशे टेनेनहोल्ट्स यांच्या १९९५ मधील निबंधात या विचाराची टोकाची कसोटी आढळते. त्यांच्या प्रयोगातील अभिकर्ते परस्परांशी काहीच बोलत नव्हते. कोणत्या यंत्राकडे पाठविलेले काम किती वेळात झाले, एवढाच स्वतःचा अनुभव ते जमेस धरीत आणि मधूनमधून मुद्दाम दुसरे यंत्रही आजमावून पाहत. एवढ्यावर भाराची वाटणी चांगली होत गेली. नंतर त्यांना आपापले अनुभव एकमेकांना सांगण्याची मुभा दिली, तेव्हा सुधारणा झाली नाही. काही परिस्थितींत वाटणी उलट बिघडली. सर्वांची मते सारखी झाली की सर्वांच्या निवडीही सारख्या होतात.

यावरील सर्वांत सुटसुटीत तोडगा गणितज्ञांकडून आला. योसी अझार, आंद्रेई ब्रोडर, ॲना कार्लिन व एली उपफाल यांनी १९९४ मध्ये पुढील प्रश्न सोडविला. दहा लाख गोट्या दहा लाख पेट्यांत यदृच्छेने टाकल्या, तर सर्वांत भरलेल्या पेटीत साधारणतः ९ गोट्या सापडतात. पण प्रत्येक गोटीच्या वेळी दोन पेट्या यदृच्छेने निवडून त्यांतील कमी भरलेल्या पेटीत ती टाकली, तर ही संख्या ४ वर येते. दोनाऐवजी तीन किंवा चार पेट्या पाहिल्याने पुढचा लाभ अल्पच असतो. कामांच्या रांगांना हेच तत्त्व लागू पडते, हे एन. डी. व्हेडेन्स्काया, रोलँड डोब्रुशिन व एफ. आय. कार्पेलेविच यांनी रशियात आणि मायकेल मिट्झेनमाकर यांनी अमेरिकेत १९९६ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले. माहिती शिळी असताना तर सर्व यंत्रांतून सर्वांत रिकामे दिसणारे यंत्र निवडण्यापेक्षा यदृच्छेने निवडलेल्या दोहोंपैकी बरे यंत्र निवडणेच श्रेयस्कर ठरते, असे मिट्झेनमाकर यांच्या पुढील अभ्यासात आढळले. यदृच्छा कळपाला पांगविते व दोहोंची तुलना मोठी चूक टाळते.

निसर्गातील कीटकसमूहांपासूनही काही पद्धती सुचल्या. रूड स्कूनडरवुर्ड व त्यांचे सहकारी यांनी १९९६ च्या सुमारास ब्रिटनमधील एका दूरध्वनी जालाच्या ३० केंद्रांच्या प्रतिमानात मुंग्यांप्रमाणे माग सोडणारे छोटे अभिकर्ते फिरविले. गर्दीच्या केंद्रापाशी ते थबकत, त्यामुळे तेथून जाणारा माग आपोआप पुसट होई. प्रयोगात ही पद्धती यशस्वी ठरली; प्रत्यक्ष व्यवहारात तिचा प्रसार मात्र मर्यादित राहिला.

प्रचंड जालांचा काळ : विश्वव्यापी जालाच्या प्रसारानंतर हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर पडला. अर्बाना-शँपेन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय महासंगणन अनुप्रयोग केंद्राने १९९४ मध्ये आपल्या लोकप्रिय संकेतस्थळासाठी एकाच नावाला अनेक यंत्रांचे पत्ते देऊन ते पाळीपाळीने सांगण्याची युक्ती योजिली. पण विचारणारी यंत्रे एकदा मिळालेला पत्ता काही काळ जवळ बाळगीत, त्यामुळे पाळी बिघडे. शिळ्या माहितीचा जुना दोष येथे नव्या वेषात आला. १७ मे १९९९ रोजी सुरू झालेल्या, परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या संकेतांचा शोध घेणाऱ्या सेटी ॲट होम या प्रकल्पात जगभरच्या लोकांचे घरगुती संगणक रिकाम्या वेळी स्वतःहून कामाचा तुकडा मागून घेत. ३१ मार्च २०२० पासून त्याचे वाटपकार्य थांबले.

गूगल कंपनीतील जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी २००४ मध्ये वर्णिलेल्या मॅपरिड्यूस पद्धतीत रेंगाळणाऱ्या यंत्रांवर एक रोखठोक इलाज केला आहे. काम संपत आले की, उरलेल्या तुकड्यांच्या दुसऱ्या प्रती अन्य यंत्रांवर चालू करावयाच्या आणि जी आधी पुरी होईल ती घ्यावयाची. ही सोय बंद केली असता क्रमवारी लावण्याच्या एका चाचणीस ४४ टक्के अधिक वेळ लागला. कोणते यंत्र का रेंगाळले याची चौकशी करण्यापेक्षा थोडे काम दोनदा करणे स्वस्त पडले.

भारतात पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) १९९१ मध्ये परम ८००० हा ट्रान्सप्यूटर प्रक्रियकांचा महासंगणक तयार केला. अशा यंत्रांत प्रत्येक प्रक्रियकाची स्मृती स्वतंत्र असल्याने कामाची वाटणी मुख्यतः कार्यक्रम लिहिणाऱ्यालाच करावी लागे. याच प्रकारच्या यंत्रांसाठी जॉर्ज सायबेन्को यांनी १९८९ मध्ये विसरणाची पद्धती अभ्यासिली होती. तीत प्रत्येक प्रक्रियक फक्त शेजाऱ्यांशी आपला भार ताडून पाहतो व फरकाचा काही अंश त्यांच्याकडे सरकवितो. तप्त सळईतील उष्णता पसरावी तसा भार पसरत जातो. भिन्न शहरांतील संशोधन संस्थांचे संगणक जोडणारे गरुड हे जालही पुण्याच्या केंद्रानेच पुढे उभारले.

दोन यंत्रे यदृच्छेने विचारून पाहण्याच्या तत्त्वावर बर्कली येथील संशोधकांनी २०१३ मध्ये स्पॅरो हा वाटपकर्ता रचला. एका कार्यातील सर्व तुकड्यांसाठी मिळून चौकशी करावी आणि काम आधी न सोपविता यंत्राची पाळी आल्यावरच ते द्यावे, अशा दोन सुधारणा त्यांनी केल्या. एनजिनएक्स या बहुप्रचलित सॉफ्टवेअरमध्ये हा यदृच्छ पर्याय २०१८ मध्ये समाविष्ट झाला. २०२० नंतर प्रसार पावलेल्या, भाषिक प्रतिमानांवर चालणाऱ्या अभिकर्त्यांना काम देताना मात्र ते किती पायऱ्यांत व किती वेळात संपेल याचा अंदाज आधी करणे कठीण असते. रांगेतील कामांची संख्या हे भाराचे माप तेथे पुरेसे पडत नाही.